क्रिप्टो भाव-टूलचे दस्तऐवजीकरण

एआय एजंटला बिटकॉइन, इथर आदी क्रिप्टोचलनांचे भाव मिळवून देणाऱ्या टूलचे लेखी वर्णन. टूलचे नाव, त्याला पुरवायचे घटक, उत्तराची रचना आणि त्रुटिसंदेश यांचा त्यात समावेश होतो. एजंटमागचे भाषाप्रारूप (लँग्वेज मॉडेल) हे वर्णन वाचूनच कोणते टूल केव्हा वापरायचे ते ठरवते, त्यामुळे वर्णनातली मोघम जागा थेट चुकीच्या उत्तरात उतरते. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंगची, म्हणजे प्रारूपाने बाहेरचे टूल मागवण्याची सोय दिली, तर अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हे एजंटला टूल जोडण्याचे प्रमाणित माध्यम खुले केले. नाव, वर्णन व घटकांची जेसन स्कीमा (घटकांचे प्रकार सांगणारा ठरावीक आराखडा) हा साचा फंक्शन कॉलिंगपासून रूढ होत गेला.

ऐतिहासिक भावांची मालिका कोठून धरावी, याविषयी मतभेद आहेत. न्यू लिबर्टी स्टँडर्ड या बिटकॉइन-विनिमयाच्या सुरुवातीच्या संकेतस्थळाने ५ ऑक्टोबर २००९ रोजी एका डॉलरला १,३०९.०३ बिटकॉइन असा दर जाहीर केला. तो बाजारात ठरलेला नव्हता. संगणकाला वर्षाला लागणारी १,३३१.५ युनिट वीज गुणिले अमेरिकेतील घरगुती विजेचा ०.११३६ डॉलर दर, भागिले १२ महिने, भागिले स्वतःच्या संगणकावर मागील ३० दिवसांत तयार झालेली नाणी, असा एका नाण्याचा खर्च काढून त्याने एका डॉलरला भागले होते. म्हणजे हा उत्पादनखर्च झाला. त्याच महिन्यात बिटकॉइनच्या सुरुवातीच्या विकसकांपैकी एक मार्टी मालमी याने ५,०५० बिटकॉइन ५.०२ डॉलरला विकले, असे त्याने स्वतः पुढे सांगितले आहे. २२ मे २०१० रोजी दोन पिझ्झांसाठी दिलेली १०,००० नाणी बहुतेकांना ठाऊक असतात, पण ती वस्तूची खरेदी होती. अनेक भावमालिका जुलै २०१० मध्ये माउंट गॉक्स या एक्स्चेंजवर व्यवहार सुरू झाले तेथून धरल्या जातात. सलग व्यवहारांची नोंद तेव्हापासून मिळत असल्याने टूलसाठी हीच सुरुवात अधिक सोयीची दिसते. कोणतीही तारीख धरली तरी ती वर्णनात लिहावी, आणि तिच्या आधीच्या दिवसासाठी टूलने ‘शून्य’ न देता ‘मूल्य उपलब्ध नाही’ असे कळवावे. शून्य हाही एक भाव आहे, आणि एजंट तो तसाच वापरतो.

भाव कोणता, हा प्रश्न सांगलीकरांना नवा नाही. येथील मार्केट यार्डात हळदीचे सौदे झाले की दरपत्रकात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर प्रतिक्विंटल येतात. राजापुरी आणि परपेठ हळदीचे दर निराळे असतात. नुसता ‘हळदीचा दर’ सांगून व्यापाऱ्याचे काम भागत नाही. येथील स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंजमध्ये हळदीचे वायदेही होत, त्यामुळे हजर भाव आणि वायद्याचा भाव यांतील भेदही परिचित. क्रिप्टोच्या टूलमध्ये मात्र ‘प्राइस’ एवढेच नाव देऊन हे सारे भेद गाळलेले आढळतात. तो भाव एका एक्स्चेंजवरचा शेवटचा सौदा आहे, की अनेक एक्स्चेंजांची उलाढालीनुसार भारित सरासरी? ८ जानेवारी २०१८ रोजी कॉइनमार्केटकॅप या भाव दाखवणाऱ्या संकेतस्थळाने दक्षिण कोरियातील काही एक्स्चेंज सरासरीतून वगळले. तेथील भाव चढे असल्याने आकडे एकाएकी खाली आले आणि पुष्कळांना ती बाजारातील घसरण वाटली. सरासरीत कोण आहे हे वर्णनात नसेल, तर एजंटही तोच निष्कर्ष काढील.

नाण्याची ओळख बीटीसी, ईटीएच अशा लघुचिन्हावरून पटत नाही. एकच चिन्ह अनेक टोकन वापरतात, म्हणून पुरवठादाराचा स्वतंत्र ओळखसंकेत किंवा करार-पत्ता (ब्लॉकचेनवरील टोकनच्या कराराचा पत्ता) मागावा. टोकनला कोणीही कसलेही नाव देऊ शकतो, त्यात एजंटसाठी छुपी आज्ञाही असू शकते. टूलमधून आलेला मजकूर ही माहिती समजावी, आज्ञा नव्हे, हे स्पष्ट लिहिणे आवश्यक.

हा बाजार चोवीस तास चालतो, त्यामुळे ‘बंद भाव’ हा केवळ ठरवून घेतलेला संकेत होय. बहुतेक ठिकाणी दिवस यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्री, म्हणजे भारतात पहाटे साडेपाचला बदलतो. ‘कालचा भाव’ विचारणाऱ्या सांगलीच्या वापरकर्त्याला कोणता काल अभिप्रेत आहे, ते टूलने वेळेच्या शिक्क्यासह सांगितले पाहिजे.

एक इथर १० चा १८ वा घात इतक्या वेईंत (इथरचे सर्वांत लहान एकक) विभागला जातो, तर संगणकाच्या नेहमीच्या फ्लोटिंग-पॉइंट संख्याप्रकारात १५ ते १७ सार्थ अंकच टिकतात. म्हणून रकमा मजकुराच्या रूपात पाठवणे इष्ट. रुपयांतील भाव डॉलरच्या भावाला विनिमयदराने गुणून काढला, की भारतीय एक्स्चेंजवरून घेतला, हेही नमूद व्हावे; दोहोंत फरक पडतो. १ जुलै २०२२ पासून लागू झालेली १ टक्का उद्गम करकपात अशा भावात धरलेली नसते. आकडे लाख-कोटींत मांडायचे असल्यास टूलने स्वल्पविरामाविना संख्या आणि चलनसंकेत द्यावा. मांडणी एजंटने करावी.