आरोग्य माहितीशास्त्रात पीएच.डी.: नागपूरच्या उमेदवारांसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

रुग्णनोंदी, तपासण्यांचे अहवाल आणि साथरोगांची आकडेवारी संगणकाच्या साहाय्याने अभ्यासणाऱ्या आरोग्य माहितीशास्त्राचे संशोधन-प्रशिक्षण म्हटले की प्रथम अमेरिकेतील विद्यापीठे आठवतात. तेथील नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन या प्रशिक्षणाला निधी देते आणि अर्ज थेट विद्यापीठाकडे करायचा असतो. परंतु त्या निधीतले विद्यावेतन केवळ अमेरिकेच्या नागरिकांना व कायम रहिवाशांना मिळते. त्यामुळे भारतीय उमेदवाराने आधी इथल्या पीएच.डी.चे नियम नीट पाहावेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीत किमान 55 टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीत किमान 75 टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमी लेयर इतर मागासवर्ग, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना 5 टक्के सवलत आहे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत आरोग्य माहितीशास्त्र नावाचा स्वतंत्र विषय नाही, म्हणून संगणकशास्त्राचे उमेदवार त्या विषयातून, तर सामाजिक वैद्यकशास्त्राचे उमेदवार त्यांच्या विषयातून बसतात. विषय निवडण्याआधी ज्या विभागात मार्गदर्शक आहेत तो विभाग कोणता विषय ग्राह्य धरतो, हे विचारून घेणे शहाणपणाचे.

अर्जासोबत गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र आणि संशोधनाचा संक्षिप्त आराखडा बहुधा मागितला जातो. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी जात प्रमाणपत्र व जात वैधता प्रमाणपत्र तयार ठेवावे, आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत तपासावी; सेतू केंद्रातून नवे मिळेपर्यंत अर्जाची तारीख निघून जाते, हे दरवर्षीचेच रडगाणे आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्यांच्या ना हरकत प्रमाणपत्रात नुसती परवानगी पुरत नाही: संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास अभ्यासक्रमासाठी कार्यमुक्त केले जाईल, असेही कार्यालयाने लिहून द्यावे लागते.

प्रवेशानंतर किमान 12 श्रेयांकांचा (क्रेडिट) अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, पण खरा कस संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या नीतिमत्ता समितीपुढे लागतो. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांतील रुग्णांच्या नोंदी वापरायच्या असतील तर प्रस्ताव, माहिती संकलनाचा नमुना आणि रुग्णाचे संमतिपत्र, किंवा संमतीतून सूट मिळावी असा सकारण अर्ज, समितीकडे द्यावा लागतो. नावे काढून टाकलेल्या नोंदींना परवानगी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा अभ्यासाला पुनरावलोकनातून सूट मिळू शकते, मात्र ती द्यायची की नाही हे संशोधक नव्हे तर समिती ठरवते, आणि तिचे पत्र हाती येईपर्यंत एकही नोंद उतरवून घेता येत नाही.