सायकल-जर्सी, महिलांची

सायकल चालवताना घालायचा, ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडाचा, पुढे चेन (सायकलची नव्हे, झिप) आणि पाठीवर खिसे असलेला अंगासरशी बसणारा सदरा. मापे देऊन करून घ्यायच्या महिलांच्या जर्सीचा येथे मुख्यतः नाशिकच्या संदर्भात विचार केला आहे.

जर्सी म्हटले की नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत आधी गाय आठवते, मग थंडीतला स्वेटर, आणि सायकलवाल्यांचा सदरा सर्वांत शेवटी. तिन्हींचे मूळ इंग्लिश खाडीतील जर्सी बेटाकडे जाते. तेथील सुयांवर विणलेले लोकरी मोजे सुमारे १६ व्या शतकापासून इंग्लंड-फ्रान्समध्ये विकले जात. मोज्यांवरून लोकरीला, लोकरीवरून कापडाला आणि कापडावरून वस्त्राला नाव मिळाले, असा क्रम सामान्यतः मानतात. बेटावर जन्मलेल्या लिली लँग्ट्री या अभिनेत्रीमुळे हे नाव वस्त्राला चिकटले, असेही सांगितले जाते. तिने १८७० च्या दशकाच्या अखेरीस अंगासरशी जर्सीची फॅशन लोकप्रिय केली हे खरे. पण कोळ्यांच्या व खलाशांच्या विणीच्या सदऱ्यासाठी हा शब्द त्याआधीच रूढ असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

विणीचा मुद्दा नाशिकला विशेष लागू पडतो. येवल्याची पैठणी आणि मालेगावच्या यंत्रमागांवरचे कापड ही दोन्ही ताणा-बाण्याची, म्हणजे मागावरची विणाई. जर्सीचे कापड मात्र फासात फास अडकवून होते. म्हणून ते ताणले जाते व सोडले की जागेवर येते. मराठीत दोन्हींना ‘विणणे’च म्हणतात, त्यामुळे गल्लत होते. ओढून जागेवर न येणारे कापड जर्सीला निरुपयोगी.

आरंभीच्या सायकल-जर्सी लोकरीच्या असत; पुढे काही शर्यतपटूंनी रेशीमही वापरले. १९५८ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी इलॅस्टेन हा लवचीक धागा तयार केला. आपल्याकडे त्याला सरसकट लायक्रा म्हणतात. आजचे कापड बहुधा पॉलिस्टरचे, त्यात थोडे इलॅस्टेन. काखेत व कुशीला जाळी. सुती कापड घाम पिऊन ओलेच राहते. शिवाय सब्लिमेशन छपाई सुतावर टिकत नाही: सुमारे २०० अंश सेल्सिअसला कागदावरील रंगाची वाफ होऊन ती पॉलिस्टरच्या तंतूंत शिरते. छपाई पांढऱ्या कापडावर, शिवण्याआधी सुट्या तुकड्यांवर होते. म्हणून कुशीची शिलाई ओलांडणारी नक्षी क्वचितच जुळते. पडद्यावर दिसणारा द्राक्षाचा जांभळा कापडावर तसाच उतरेल असे नाही, तेव्हा आधी छापील तुकडा मागवणे श्रेयस्कर. पांढरा भाग पावसात किंवा घामाने पारदर्शक होतो. नाशिकच्या पावसाळ्यात हे विसरून चालत नाही.

मापाबाबत सर्वाधिक चुका होतात. शिंपी ताठ उभे करून माप घेतो. जर्सी मात्र हँडलवर वाकून वापरायची असते. वाकले की पाठ लांबते व पोटावर कापड गोळा होते. म्हणून पुढची उंची कमी, मागची जास्त ठेवतात आणि मागच्या घेराला आतून सिलिकॉनची पट्टी लावतात. ‘युनिसेक्स’ म्हणून येणारा कट बहुधा पुरुषी असतो. छातीला बेतून तो घेतला की खांदे उतरतात, मुंढा ढिला पडून वाऱ्यात फडफडतो. खांद्याला बेतला तर छातीला व नितंबांना आवळतो. काखेपासून कमरेपर्यंत वेगळी कळी घातलेला कट हा त्यावरचा उपाय. नमुन्याची जर्सी घालून, सायकलवर बसून, हँडलच्या खालच्या वळणावर हात ठेवून पाहावे. फोन, केळे आणि चिक्की मागच्या तीन खिशांत भरूनच पाहावे. पातळ कापड खिशांच्या वजनाने मागे लोंबते.

चेन पूर्ण उघडणारी असावी. बिब शॉर्ट्सचे (खांद्यावरून पट्टे असलेल्या सायकलच्या तंग चड्डीचे) पट्टे जर्सीखालून खांद्यावर जातात. लघुशंकेसाठी ते उतरवायला जर्सी आधी काढावी लागते. त्र्यंबक किंवा सप्तशृंगी गडाच्या वाटेवर आडोसा शोधावा लागणाऱ्या स्त्रीला अर्ध्या चेनचा त्रास सांगावा लागत नाही.

हितेंद्र व महेंद्र महाजन या नाशिकच्या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ओलांडण्याची सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. शहरातून पंढरपूरला सायकल वारीही निघते. अशा समूहांत एकरंगी जर्सीची चाल आहे.

बाही आवडीप्रमाणे, उन्हाळ्यात पूर्ण बाहीची पातळ जर्सी टॅनिंगपासून वाचवते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे वरून विंडचीटर लागतोच. धुताना कंडिशनर टाळतात, कारण त्याचा थर बसून कापड घाम टिपेनासे होते. इस्त्री करीत नाहीत.