दुधातला दाटपणा पोटात टिकतो का?

दुधात तंतू (फायबर) अजिबात नसतात. 200 मिली गाईच्या दुधात साधारण 6-7 ग्रॅम प्रथिने आणि 9-10 ग्रॅम दुग्धशर्करा असते, चोथा शून्य. खान्देशात रात्री दुधात दादर ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी कुस्करून खातात, तेव्हा ही उणीव आपोआप भरून निघते. आता भाकरीच्या जागी डब्यातली पावडर येते आहे आणि तिच्यावर ‘फायबरयुक्त’ असे ठळक छापलेले असते. तिथे किती ग्रॅम हे नंतर बघा, आधी तंतू कोणता ते बघा.

जेवणानंतरची साखर आणि भूक यांवर लगेच परिणाम करतात ते पाणी धरून बुळबुळीत होणारे तंतू. अन्न दाट झाले की जठर ते सावकाश पुढे सोडते. लहान आतड्यात त्या दाट द्रावातून ग्लुकोज भिंतीपर्यंत हळूहळू पोचते, त्यामुळे साखरेचा चढ बुटका होतो. काही अन्न आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत न पचता जाते. तिथून सुटणारी जीएलपी-1 आणि पीवायवाय ही संप्रेरके मेंदूला पोट भरल्याचे कळवतात. भुकेवरचा परिणाम मात्र माफकच असतो, कारण प्यायलेले अन्न चावून खाल्लेल्यापेक्षा कमी तृप्ती देते.

फसगत होते ती दाटपणात. कॉर्नफ्लोअर किंवा ज्वारीचे पीठ शिजवले की दूध दाट होते, पण तो दाटपणा मुख्यतः पिष्टाचा (स्टार्चचा). लाळेतले अमायलेज हे विकर (एन्झाइम) तो तोंडातच मोडू लागते आणि पुढे त्याचे ग्लुकोज होते. घरी पडताळता येते: शिजवून थंड केलेल्या कॉर्नफ्लोअरच्या खळीत चमचाभर लाळ मिसळा. काही मिनिटांत खळ पातळ होते. इसबगोलाचा गोळा तसाच राहतो, कारण तो मोडणारे विकर आपल्या पचनसंस्थेत नाही.

म्हणून सुरुवात इसबगोलापासून करावी. 200 मिली दुधाला 5 ग्रॅम भुसा पुरतो, त्यातून सुमारे 4 ग्रॅम तंतू मिळतात. घरच्या चमच्याचा भरवसा नको, एकदा काट्यावर तोलून घ्या. दूध कोमट किंवा गार असावे. कढत दुधात भुसा लगेच फुगतो. सगळा एकदम टाकला तर वरून चिकट आणि आत कोरड्या गाठी होतात, म्हणून दूध रवीने फिरते ठेवून भुसा भुरभुरावा आणि दोन-तीन मिनिटांच्या आत प्यावा. वर ग्लासभर पाणी हवेच. कमी पाण्यात तो घशात अडकू शकतो, आणि मे महिन्यात अंगातले पाणी आटलेले असताना उलट बद्धकोष्ठ होतो. पहिला आठवडा अर्धेच प्रमाण ठेवा. जेवणाआधी लगेच घेतला तर उपयोग जास्त, पण दोन चमचे साखर टाकली तर आपणच 10 ग्रॅमची भर घातली.

गवारीच्या बियांचा डिंकही चिकट असतो, पण दुधात तो काही वेळाने प्रथिनांपासून वेगळा होतो आणि वर पाणी सुटते. करून ठेवण्याच्या पेयात तो अडचणीचाच.

रावेर-यावलच्या बागांतली कच्ची केळी निराळे काम करते. तिच्यातले बरेचसे पिष्ट लहान आतड्यात पचत नाही. ते मोठ्या आतड्यात आंबते आणि तिथल्या जिवाणूंचे खाद्य होते. पूर्ण हिरवी फणी घ्या, सोलताना हाताला तेल लावा, 3-4 मिलीमीटरच्या चकत्या दहा मिनिटे लिंबाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर काळ्या पडतात. कडक मोडेपर्यंत उन्हात वाळवून दळा. किलोभर केळ्यांतून दीड-दोनशे ग्रॅम पीठ निघते. हे पीठ शिजवायचे नाही. 70 अंशांच्या आसपास त्याचे पिष्ट फुलते आणि सहज पचू लागते. हाताला सोसेल अशा दुधात एक चमचा ढवळून लगेच प्यावे, ते तळाशी बसते. पिकलेल्या केळ्यात या पिष्टाची साखर झालेली असते, म्हणून शिकरणाला हा गुण नाही.

चिकोरीच्या मुळातले इन्युलिन हे तंतू दुधात छान विरघळतात, चवीलाही किंचित गोड, म्हणून तयार पेयांत ते पुष्कळ सापडते. ते दाट होत नाही, त्यामुळे साखरेचा चढ अडवण्यात कमी पडते. जास्त झाले की पोट फुगते. घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली भुकटी) आधी आणि तंतू शेवटी असेल तर तो डबा परत ठेवा. साधे माल्टोडेक्स्ट्रिन रक्तातली साखर झपाट्याने वाढवते.

फरक स्वतःवर मोजायचा तर ग्लुकोमीटर घ्या. तेच जेवण एक दिवस दुधातल्या इसबगोलासह आणि एक दिवस नुसत्या दुधासह करा, जेवणाआधी, एक तासाने आणि दोन तासांनी साखर बघा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. साखर उशिरा चढली आणि औषध वेळेवर लागू झाले तर ती खाली घसरू शकते. इतर गोळ्याही भुशासोबत नकोत, त्यांचे शोषण कमी होऊ शकते. दोन तासांचे अंतर ठेवा. गिळायला त्रास होणाऱ्यांनी किंवा आतड्यात अडथळा असलेल्यांनी इसबगोल घेऊच नये.