साधी मच्छरदाणी, औषधी मच्छरदाणी

बाजारातून आणलेली मच्छरदाणी आणि आरोग्य खात्याने वाटलेली मच्छरदाणी शेजारी शेजारी टांगली तर लांबून फरक कळत नाही. घोळ तिथूनच सुरू होतो. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्यात सरकारी मच्छरदाणी घरी येते आणि ‘औषधाचा वास येतो’ म्हणून पहिल्याच दिवशी सोड्यात भिजते, दगडावर आपटली जाते, रणरणत्या उन्हात वाळते. ज्या औषधासाठी ही मच्छरदाणी वेगळी बनवली, तेच आपण आपल्या हाताने कमी करतो. वर ‘या जाळीत काही दम नाही, बाजारची बरी’ असा निकालही देतो.

साध्या मच्छरदाणीबद्दल फार सांगायला नको. ती भिंत आहे. बारीक विणीच्या जाळीला चौरस इंचात साधारण १५६ छिद्रं असतात, त्यातून डास जात नाही. भिंतीला भोक पडलं की डास आत. झोपेत हात किंवा गुडघा जाळीला टेकला की डास बाहेर बसूनच चावतो. एवढंच तिचं शास्त्र.

औषधी मच्छरदाणीच्या धाग्यातच कीटकनाशक असतं. काही मच्छरदाण्या पॉलिस्टरच्या, मऊ असतात. त्यांच्या धाग्यावर डेल्टामेथ्रिन किंवा अल्फासायपरमेथ्रिनचा पक्का लेप असतो. काही पॉलिथिलिनच्या, हाताला थोड्या राठ लागणाऱ्या असतात. त्यांत औषध धागा तयार करतानाच मिसळलेलं असतं आणि ते आतून हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा, की प्रमाणित पद्धतीच्या २० धुण्यांनंतर आणि घरच्या ३ वर्षांच्या वापरानंतरही अशी मच्छरदाणी परिणामकारक राहिली पाहिजे. ओळखायची कशी? शिवणीत लावलेली चिठ्ठी वाचा. तिच्यावर औषधाचं नाव आणि प्रमाण छापलेलं असतं. चिठ्ठीवर औषधाचं नाव नसेल तर ती साधी समजा, दुकानदार काहीही म्हणो. बाळासाठी मिळणाऱ्या छत्रीसारख्या घडीच्या मच्छरदाण्या बहुतेक साध्याच असतात.

आता जिथे सगळे अडखळतात तो मुद्दा. बहुतेकांना वाटतं, की मच्छरदाणीतलं औषध वासाने डासाला पळवून लावतं, कॉइलसारखं. तसं नाही. कॉइल किंवा प्लगमधल्या लिक्विडचं औषध हवेत पसरण्यासाठीच बनवलेलं असतं. डेल्टामेथ्रिन जवळजवळ उडतच नाही. ते धाग्यावर बसून असतं आणि डासाचे पाय धाग्याला लागले तरच काम करतं. ते पायांतून शरीरात जातं, मज्जातंतू सतत उत्तेजित राहतात, डास थरथरतो आणि खाली पडतो. म्हणून ‘वास गेला, औषध संपलं’ हे चूक आहे. नव्या मच्छरदाणीचा वास चार दिवसांत जातो, औषध तीन वर्षं राहतं. आणि वास घालवण्यासाठी ती धुणं ही दुप्पट चूक आहे. पाकिटातून काढा, घरात किंवा पडवीत सावलीत २४ तास पसरून टांगा, मग वापरा. पहिल्या एक-दोन रात्री चेहऱ्याला थोडी चुणचुण झाली किंवा शिंका आल्या तर घाबरू नका, ते थांबतं. गरोदर बाई आणि तान्हं बाळ यांनी तर आवर्जून याच मच्छरदाणीत झोपावं.

डास मच्छरदाणीला पाय लावायला येतो कशाला? आपणच त्याला बोलावतो. झोपलेल्या माणसाचा श्वास आणि अंगाची ऊब वर चढते आणि त्या मागावर मादी येते. त्यामुळे तिची सर्वांत जास्त धडपड जाळीच्या छतावर, झोपणाऱ्याच्या छातीच्या वरच्या भागात चालते. ती बसते, उठते, पुन्हा बसते. साध्या जाळीवर ही धडपड फुकट जाते आणि मादी शेजारच्या खाटेकडे वळते. औषधी जाळीवर तीच धडपड तिचा जीव घेते. झोपलेला माणूस म्हणजे आमिष आणि मच्छरदाणी म्हणजे सापळा.

यामागे एक हिशेब आहे आणि तो समजला की बाकीचं सगळं आपोआप समजतं. हिवतापाच्या रुग्णाला चावलेली ॲनॉफिलिस या हिवतापाच्या डासाची मादी लगेच दुसऱ्याला हिवताप देऊ शकत नाही. जंतू तिच्या पोटात वाढून लाळेच्या ग्रंथीत पोहोचावे लागतात. फॅल्सिपेरम जातीच्या जंतूला २५ अंश तापमानात त्यासाठी सुमारे १२ दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत अंडी घालण्यासाठी तिला दर दोन-तीन दिवसांनी रक्त लागतं. म्हणजे धोकादायक होण्याआधी तिला चार-पाच वेळा माणसाजवळ यावंच लागतं. गावातल्या बहुतेक खाटांवर औषधी मच्छरदाणी असेल तर त्या चार-पाच फेऱ्यांतून ती जिवंत सुटणं कठीण. साध्या मच्छरदाण्यांच्या गावात ती प्रत्येक रात्री फक्त पुढच्या घरी जाते आणि बाराव्या दिवशी, जिथे जाळी नाही तिथे, चावते. म्हणून ‘आमच्या घरात एक आहे, पुरे’ हा विचार औषधी मच्छरदाणीच्या बाबतीत चालत नाही. दोन माणसांमागे एक, आणि गावात शक्य तितक्या घरांत, तरच तिचं खरं बळ दिसतं. तुमची मच्छरदाणी शेजाऱ्याच्या लेकरालाही वाचवते.

पॉलिथिलिनच्या काही मच्छरदाण्यांची छिद्रं सुमारे ४ मिलिमीटरची असतात. ‘यातून तर डास सहज आत येईल’ अशी तक्रार हमखास होते. पण एवढ्या छिद्रातून जाताना पाय धाग्याला लागतातच. शिवाय मोठ्या छिद्रांतून वारा खेळतो, आणि उकाड्यात मच्छरदाणी न लावण्याचं पहिलं कारण घुसमट हेच असतं.

फाटण्याचंही तसंच. साधी मच्छरदाणी एका भोकाने निकामी होते. औषधी मच्छरदाणी बरीच फाटेपर्यंत तग धरते, कारण भोक शोधताना डास जाळीवर रेंगाळतो. मोजण्याची एक ठरलेली रीत आहे. अंगठा जाईल असं भोक १ गुण, मूठ जाईल असं २३, डोकं जाईल असं १९६ आणि त्याहून मोठं ५७६. बेरीज ६४ पर्यंत असेल तर मच्छरदाणी चांगली, ६४२ पर्यंत दुरुस्त करून वापरण्याजोगी, त्यापुढे बाद. अंगठ्याएवढी वीस भोकं असली तरी घाबरायचं कारण नाही. मुठीएवढी तीन झाली की बेरीज ६९ होते, तेव्हा सुईदोरा काढा. खाटेच्या खिळ्यात, बांबूच्या कुसळांत आणि चुलीच्या ठिणगीने सर्वांत जास्त भोकं पडतात. दिवसा जाळी गुंडाळून वर बांधून ठेवली तर निम्मा त्रास वाचतो.

तिसरा एक प्रकार मधेच घोळ वाढवतो: साध्या मच्छरदाणीला घरी किंवा शिबिरात औषधात बुडवून तयार केलेली. प्रमाण चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम डेल्टामेथ्रिन, म्हणजे १० चौरस मीटरच्या जाळीला २.५ टक्क्यांचं १० मिलिलिटर द्रावण. तिचं औषध सहा महिन्यांत पुन्हा लावावं लागतं. कारखान्यातून औषधासह आलेली मच्छरदाणी मात्र पुन्हा बुडवायची नसते. दोन्हींना ‘औषधाची’ म्हणतात, म्हणून लोक नवीलाही सहा महिन्यांनी बाद ठरवतात.

धुण्याचा नियम सोपा आहे. मळली तरच धुवा, आणि तीन महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा नको. थंड पाणी, साधा अंगाचा साबण, हाताने हलकं चोळणं. सोडा नको, ब्लिचिंग नको, कपड्यांचा ब्रश नको, दगडावर आपटणं नको, वॉशिंग मशीन नको. वाळवणं सावलीत, कारण ऊन औषध मोडतं. नदी, नाला, तळं यांत कधीही धुऊ नका. हे औषध माशांना फार विषारी आहे. घरामागे, विहिरीपासून दूर, खड्ड्यात पाणी ओता. याच कारणासाठी निवड करता आली तर पांढरीपेक्षा निळी किंवा हिरवी घ्यावी. मळ कमी दिसतो, धुणं कमी होतं.

टांगताना चौकोनी मच्छरदाणीच बरी. घुमटाकार जाळी एका हुकावर लागते, पण तिच्या बाजू आत झुकतात आणि हातपाय जाळीला टेकतात. औषध असलं तरी टेकलेल्या अंगाला चावा बसू शकतो. खालची कड गादीखाली खोचा. जमिनीवर झोपत असाल तर चटईखाली सगळीकडून दाबा, लोंबकळती सोडू नका. अंगणात झोपायचं तर चार काठ्या रोवून तिथेच लावा. मोहफुलाच्या किंवा तेंदूपत्त्याच्या दिवसांत रानात मुक्काम असतो, पीक राखायला माळ्यावर जागल असते. डास तिथे जास्त आणि मच्छरदाणी घरी खुंटीला, हे चित्र बदललंच पाहिजे. ती घडी करून सोबत न्यायला हलकी असते.

काही भागांतले डास डेल्टामेथ्रिनच्या गटातल्या औषधांना सरावलेले आहेत. त्यासाठी पिपरोनिल ब्युटॉक्साइड हे मूळ औषधाचा जोर वाढवणारं रसायन मिसळलेल्या, आणि क्लोरफेनापिर हे दुसऱ्या रीतीने मारणारं औषध जोडलेल्या मच्छरदाण्या आल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने क्लोरफेनापिरच्या मच्छरदाण्यांची शिफारस २०२३ मध्ये केली. सरावलेल्या डासांपुढे जाळीचं भिंत म्हणून महत्त्व वाढतं, म्हणून तिथे भोकं शिवण्यात आणखी काटेकोर राहा. डेंग्यूचा डास मात्र दिवसा चावतो, रात्रीच्या मच्छरदाणीकडून त्याची अपेक्षा ठेवू नका. दुपारी झोपणाऱ्या बाळावर ती जरूर लावा.

मच्छरदाणीने मासे कधीच धरू नका, आणि भाजीच्या वेलावर ती पसरणं नवी असेपर्यंत तरी थांबवा. तीन वर्षांनी ती बाद झाली तरी पाण्यात टाकू नका आणि उघड्यावर जाळू नका, धूर विषारी असतो. आणि नवी हातात येईपर्यंत जुनी, कितीही विरलेली असो, खाटेवरून काढू नका.