पायली गेली, किलो आला. स्वयंपाकघर मात्र मापावरच

रेशनचं धान्य किलोनं मिळतं, पण कुरडयांचा गहू आजी पायलीनंच, म्हणजे धान्य मापायच्या जुन्या भांड्यानंच, भिजवायला सांगते. सुनेनं मोबाइलवर 'एक पायली म्हणजे किती किलो' शोधलं, की दोन-तीन वेगवेगळी उत्तरं येतात आणि सगळीच कुठं ना कुठं खरी असतात.

किलो येण्याआधी विदर्भातल्या खेड्यांत धान्य सहसा तोलत नसत, मापत. खळ्यावर रास पडली की माप भरणारा पहिल्या पायलीला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचा आणि पुढं दोन, तीन असं मोजायचा. सालदाराचं धान्य, बलुतेदाराचा वाटा, उसनंपासनं, सगळं त्याच मापानं. भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यात कुडव आणि वीस कुडवांची खंडी. ज्वारीच्या मुलखात पायली, शेर, मापटं, चिपटं. तराजूतली लबाडी पटकन दिसत नाही, पायली मात्र दोघांच्या डोळ्यांदेखत भरते. तरी शिगेवरून, म्हणजे मापाच्या काठावर चढणाऱ्या ढिगावरून, तंटे व्हायचेच. घेताना शीग लावून आणि देताना वरून हात फिरवून सपाट, अशी सावकारांबद्दलची तक्रार जुनीच आहे.

तूप, गूळ, सोनं यांचा हिशेब निराळा, तिथं तोळा. इंग्रज राजवटीत १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं लहान इंग्रजी एकक) ठरला आणि चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा निघाला. ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. घोळ इथंच आहे: शेर तोलायचाही होता आणि मापायचाही. तोलाचा शेर कशाचाही असो, भार तोच. मापी शेरात ज्वारी भरली तर एक भार, धान भरलं तर दुसरा. त्यात पायलीही मुलखागणिक लहानमोठी.

वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्यानं लागू झाली आणि १९६२ मध्ये सक्तीची झाली. त्या कायद्यानं शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा धरला. पण तो तोलाचा शेर. मापी शेराला दाणा पाहिल्याशिवाय किलोत सांगताच येत नाही.

का, ते एक लिटरच्या डब्यानं कळतं. त्यात तांदूळ साधारण ८०० ग्रॅम बसतो, ज्वारी साडेसातशेच्या आसपास, टरफलासकट धान सहाशेच्याही आत आणि चाळलेली कणीक जेमतेम पाचशे. तीच कणीक डबा आपटून भरली तर शंभरेक ग्रॅम सहज जास्त जाते. म्हणून पिठाचं माप देताना हलक्या हातानं भरायचं की दाबून, हे सांगितलंच पाहिजे. बहुतेक पाककृतींत ते नसतं. भातात मात्र वाटीच बरी. तांदूळ ज्या वाटीनं घेतला त्याच वाटीनं पाणी घातलं की वजनाची गरजच नाही.

तेलात फटका पैशाला बसतो. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १५ किलोच्या डब्यापेक्षा जवळजवळ १३५० ग्रॅम तेल कमी. दुकानात दोन्हींना 'पंधराचा डबा' म्हणतात. घरच्या लग्नाला असे दहा डबे आणले, तर अख्ख्या एका डब्याचा फरक पडतो.