द्राक्षपेटीतला ग्रेप गार्ड: धुरीपासून कागदापर्यंत

काढणीनंतर द्राक्षाला सर्वांत जास्त छळते ती बोट्रायटिस ही करडी बुरशी. 0 अंश सेल्सिअसलाही ती हळूहळू वाढतच राहते, त्यामुळे नुसत्या थंडीवर भागत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विंकलर आणि जेकब यांनी 1925 मध्ये सल्फर डायऑक्साइडच्या वापरावरचं काम प्रसिद्ध केलं. पुढे शीतगृहात या वायूची धुरी देणं रूढ झालं. वायूने मरतात ते पृष्ठभागावरचे बीजाणू आणि तंतू; मण्याच्या आत शिरलेली बुरशी वाचते. म्हणून आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा धुरी. जहाजावर चढलेल्या बंद कंटेनरमध्ये ती कोण देणार?

मग वायू पेटीतच तयार करायचं ठरलं. ग्रेप गार्ड म्हणजे पेटीत घडांवर ठेवायचा कागद; त्याच्या थरांत सोडियम मेटाबायसल्फाइटची पूड असते. पेटीतलं बाष्प तिला लागलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो. एका ग्रॅममागे फार तर 0.67 ग्रॅम. दुहेरी कागदाचा एक भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच वायू सोडून मोकळा होतो. दुसऱ्यावरच्या आवरणातून बाष्प सावकाश आत जातं आणि तो काही आठवडे पुरतो.

घोटाळा होतो तो दवामुळे. घड कोमट असताना कागद ठेवून पेटी बंद केली, तर आत पाणी सुटतं, कागद भिजतो आणि आठवड्यांचा वायू दोन दिवसांत बाहेर पडतो. मणी देठापाशी पांढुरके पडतात, चव बिघडते, आणि प्रवासाच्या शेवटी, ऐन गरजेच्या वेळी, कागद रिकामा असतो. म्हणून पॅकिंगनंतर आधी प्री-कूलिंग, साधारण 6 ते 8 तासांत 4 अंशांखाली. मग वर कागद, लायनर म्हणजे पेटीतली प्लास्टिकची पिशवी बंद, आणि पेटी 0 ते 1 अंशाच्या, 90 ते 95 टक्के आर्द्रतेच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. बुरशीच्या भीतीने दोन कागद टाकणं तर शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. दम्याच्या रुग्णांना या वायूच्या फळात उरणाऱ्या अंशाचा, म्हणजे सल्फाइटचा, त्रास होतो म्हणून अमेरिकेने 1986 मध्ये कच्च्या खायच्या फळांवर आणि भाज्यांवर त्याच्या वापराला बंदी घातली. द्राक्षाला सवलत मिळाली, पण उर्वरित अंशाची मर्यादा घालून. युरोपातही ती किलोमागे 10 मिलिग्रॅमच आहे.

महाराष्ट्रात 1991 साली महाग्रेप्स ही द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांची निर्यात संस्था उभी राहिली आणि युरोपच्या निर्यातीबरोबर हा कागद नाशिक-सांगलीच्या पॅकहाऊसमध्ये रुळला. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. सुएझमार्गाच्या हिशेबाने निवडलेला कागद या लांबलेल्या प्रवासात आधीच संपू शकतो.