एक मत वेगळं म्हणजे गट सोडला, असं नाही

एखादा माणूस वर्षानुवर्षं डावा किंवा उजवा म्हणून ओळखला जातो. मग एखाद्या प्रश्नावर तो वेगळं बोलतो आणि लगेच शिक्का बसतो: ‘हा फिरला’, नाहीतर ‘याचा मुळातच गोंधळ आहे’. हा समज जुना आहे, पण चुकीचा आहे.

डावे-उजवे हे शब्द आले 1789 च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेतल्या आसनांवरून. राजाच्या नकाराधिकाराच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजवीकडे बसले, विरोधातले डावीकडे. करांपासून शाळांपर्यंतची सगळी मतं या दोन गाठोड्यांत नंतर बांधली गेली. ती गाठोडी इतिहासाने आणि निवडणुकीच्या गरजांनी बांधली. एक मत धरलं की बाकीची तर्काने आपोआप येतातच, असं नाही.

ब्रिटनचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचंच पाहा. उजव्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे नेते, जमीनदारांचा भक्कम पाठिंबा. तरी 1846 मध्ये त्यांनी आयात धान्यावरचे संरक्षक कर उठवणारा कायदा आणला. त्यांच्याच पक्षातल्या बहुसंख्य खासदारांनी विरोध केला, कायदा विरोधी पक्षाच्या मतांवर मंजूर झाला आणि पक्ष फुटला. पील त्यामुळे समाजवादी झाले नाहीत की क्रांतिकारकही.

सामान्य मतदारांचं तर विचारूच नका. अमेरिकी अभ्यासक फिलिप कॉन्व्हर्स यांनी 1964 मध्येच दाखवलं होतं, की बहुतेकांची एका प्रश्नावरची भूमिका पाहून दुसऱ्या प्रश्नावरची नीट सांगता येत नाही. म्हणून मला वाटतं, वेगळं मत मांडणाऱ्याला ‘तू नक्की कोणाचा?’ असं विचारणं अन्यायाचं आहे. ‘तुला असं का वाटतं?’ हे विचारावं.